लग्नापाशी थांबलेल्या मुली

रोटोटुना, हॅमिल्टन
९ फेब्रुवारी २०२५

बाबा,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग कागद बदलला. इतकी वर्षं पत्र न पाठवणाऱ्या मुलीनं एकदम साष्टांग नमस्कार घातला तर तुम्हाला वाटायचं, हिला काहीतरी हवंय. आणि हवंच आहे. ते मध्ये कुठेतरी येईल.

फोनवर तुम्ही "हं, बरी आहेस ना, घे, नीताशी बोल" यापुढे जात नाही, म्हणून कागद. तुमच्या डोळ्यांमुळे पत्र नीतावहिनी वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. वहिनी, तुला आत्ताच सांगून ठेवते. बाबांच्या कपाळाला आठी पडली की "इथे हवापाण्याचं लिहिलंय" म्हणून पुढे उडी मारायची नाही. दादाला वाचायला दिलंस तर तो अर्ध्यात चहा मागेल, म्हणून हे काम तुझ्याच गळ्यात.

तर बातमी. हॅमिल्टनच्या पूर्वेला कहिकाटेआ नावाची जुनी काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं समजा. सगळा गाईंचा मुलूख. काउंटीचं काउन्सिल केव्हाच बरखास्त झालं, त्याच्या कचेरीत आता एक छोटं म्युझियम आहे. मी जुन्या चरांचे नकाशे शोधायला तिथे गेले होते, आमच्या खात्याच्या कामासाठी. (तुम्ही अजूनही माझ्या नोकरीला 'गटार खातं' म्हणता असं दादा सांगतो. म्हणा. दलदलीतलं पाणी काढलं नसतं तर इथे एक गाय उभी राहिली नसती.) नकाशे मिळाले, पण मी काही परत आले नाही. आता दर शनिवारी जाते. आणि गेल्या महिन्यात त्यांनी माझ्यावर एक पुस्तक सोपवलं: काउंटीत पहिल्यांदा येऊन वसलेल्या घराण्यांची वंशावळ.

म्युझियमचे अध्यक्ष ग्रॅहम थॉर्नली. ऐंशी ओलांडलेले, आयुष्यभर गाई पाळल्या. त्यांनी विचारलं, तुला याचा काही अनुभव? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी आमच्या कुळाचा कुलवृत्तांत केलाय. मग कुलवृत्तांत म्हणजे काय ते सांगत बसले. एका मूळ पुरुषापासून आजपर्यंतची सगळी माणसं, सगळ्या शाखा, गावोगाव फॉर्म पाठवून आणि दारोदार हिंडून गोळा केलेली. ग्रॅहम म्हणाले, "एका आडनावाचं एवढं जाड पुस्तक? वडिलांना इकडे पाठव, इथे हीप्स काम आहे." हीप्स म्हणजे ढीगभर.

मला आपली स्कूटर आठवली. रविवार सकाळ, पुढे मी उभी, पिशवीत फॉर्म. कुठल्या कुठल्या वाड्या, कुठले चुलत-चुलत आजोबा, आणि सगळीकडे पोहे. तुमची ती दोन साधनं, पेन्सिल आणि शाईचं पेन. ऐकलेलं पेन्सिलनं, पाहिलेलं शाईनं. कुणी म्हणालं "आमचे आजोबा इंदूरला होते" की पेन्सिल. सनद, जन्मदाखला, दगडावरचं नाव डोळ्यांनी पाहिलं की मगच शाई. मी इथे तेच करते. इथल्या बायकांना त्याची गंमत वाटते, पण माझा शब्द कुणी मोडत नाही.

आता हवं ते.

सुशील म्हणतो, दुसरी आवृत्ती निघते आहे, दिवाळीला छापायला जाणार आणि जानेवारीत कुलसंमेलनात प्रकाशन. फार छान. पहिल्या आवृत्तीतलं आपल्या घरचं पान मला पाठ आहे. बाळासाहेब, पत्नी मंदा. अपत्ये: श्रीनाथ, निवेदिता. बस्स. मी तुमच्या पुतण्याला, सुशीलला नव्हे, तुम्हालाच विचारते आहे, बाबा. तीन मुलं वाढवलेल्या घरात दोन अपत्यं कशी?

संपदाताईची ऋग्वेदा गेल्या वर्षापासून आमच्याकडे राहते. शिकायला आली, मग मीच म्हटलं भाडं कशाला भरतेस. त्या दिवशी तिनं शेल्फातलं तुमचं पुस्तक काढलं. आपलं पान सापडल्यावर तिनं ओळीवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. मग म्हणाली, "मावशी, आई कुठे आहे यात?"

मी तिला म्हटलं, चुकून राहिलं असेल. तुम्ही छपाईत वेलांटी राहिली तरी जेवत नव्हता, हे तिला काय माहीत.

ताईचं नाव घाला. मला दुसरं काही नको.

निवेदिता


६ एप्रिल

बाबा,

वहिनीचा मेसेज आला. "वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. चष्मा पुसत होते." ज्या चष्म्यातून काही दिसत नाही तो पुसून काय उपयोग, असं मी लिहिलं होतं उत्तरात, मग खोडलं. इथे मात्र लिहिते.

रागात आहे, पण तुमच्यावर नाही. म्हणजे तुमच्यावरही आहे, पण आज दुसऱ्या एका म्हाताऱ्यावर जास्त.

आमच्या पुस्तकाचा कच्चा मसुदा गावाच्या लायब्ररीत लोकांना बघायला ठेवला. चुका असतील तर सांगा म्हणून. पहिल्याच शनिवारी एक बाई म्युझियममध्ये आल्या. हुइया नाव, पंच्याहत्तरच्या आसपास, गावच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या. इथे सगळे त्यांना 'फाएआ हुइया' म्हणतात. फाएआ म्हणजे मावशी, काकू, बाई, सगळं एकात. मी "किया ओरा, फाएआ" म्हटलं, चहा विचारला. त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं आणि मसुद्याचं थॉर्नलींचं पान माझ्यापुढे ठेवलं.

जोसाया थॉर्नली हा ग्रॅहमचा पणजोबा. शिपाई होता. इथे सरकारनं लढाई करून माओरी लोकांची जमीन काढून घेतली आणि शिपायांना वाटली, त्यातला एक तुकडा याला मिळाला. याची पहिली बायको मेरे. ती इथलीच, ज्यांची जमीन गेली त्यांच्यातली. तिला एक मुलगी, हेरा. मेरे गेल्यावर जोसायानं इंग्लंडहून आलेली एलायझा केली आणि तिला सात मुलं झाली. पानावर हे सगळं होतं, शाईनं. मिशनच्या नोंदवहीत मी स्वतः पाहिलं होतं.

फाएआ हुइयांनी हेराच्या नावावर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय, हेरा, विवाह अमुक साली. पुढे काही नाही. लग्नातच मेली का ती?"

मी म्हटलं, नाही, म्हणजे मला माहीत नाही.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ती माझी पणजी. आमच्या मराएवर, आमच्या बैठकीच्या घरी या, तिची माणसं एका खोलीत मावणार नाहीत. काउंटीच्या शंभरीला पुस्तिका निघाली त्यातही आम्ही नव्हतो. तेव्हा माझे वडील घरी येऊन गप्प बसले होते. मी गप्प बसणाऱ्यातली नाही." आणि जाता जाता मुखपृष्ठाकडे बघून म्हणाल्या, "आणि हे 'पहिली घराणी' कुणी लिहिलं? त्यांच्या आधी इथे काय नुसत्या बदकांची वस्ती होती?"

बाबा, मी मानेपर्यंत लाल झाले. आणि मला लगेच कळलं हे कुणाचं काम. ग्रॅहम थॉर्नली. अध्यक्ष. प्रत्येक पान त्यांच्याकडून जातं. गोऱ्या बायकोची सात मुलं फळाफुलांसकट, आणि माओरी बायकोच्या लेकीच्या पुढे पूर्णविराम. घराण्याला डाग नको ना! असली माणसं मला चांगली ओळखू येतात, मी एकाच्या घरात वाढले आहे.

वहिनी, हे वाच. गाळू नकोस.

तुम्हाला आठवतं का, ताई गेल्यावर (गेल्यावर म्हणजे लग्न करून, तेव्हाचं म्हणते आहे) आई नळाशी बोलायला लागली? तुम्ही हॉलमध्ये पेपर घेऊन बसायचात आणि आई मोरीत भांडी घासता घासता मोठ्यानं सांगायची. नळाला. "संपदाची नाशकाला बदली झाली म्हणे." "बाळंतपणाला सासूबाईंनीच केलं सगळं, माणसं चांगली आहेत." "बारशाला नाव छान ठेवलं." तुमच्यासमोर तिचं नाव काढायचं नाही असा हुकूम होता, नळासमोर नव्हता. तुम्ही पेपरातून मान वर काढली नाहीत कधी. आई गेली तोवर तो नळ बिचारा ताईचं सगळं ऐकून होता.

ताईच्या यतीनमध्ये काय वाईट होतं? आपल्यातला नव्हता, एवढंच. तेवढ्यासाठी तुम्ही पोटची पोर पुस्तकातून काढलीत. आणि आता इथे अर्ध्या पृथ्वीपलीकडे दुसरा एक बाप तेच करतो आहे आणि त्याच्या सह्या माझ्या हस्ताक्षरातल्या पानांवर.

पुढच्या शनिवारी ग्रॅहमला गाठणार आहे. तुम्हाला नाही विचारता आलं, त्यांना विचारीन.

निवेदिता


२२ जून

बाबा,

दोन महिने लिहिलं नाही कारण लिहायला तोंड नव्हतं.

वहिनीनं कळवलं की मागचं पत्र ऐकून तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "त्या मुलीचं नाव काय म्हणाली? हेरा?" आधी संताप आला. परक्या जोसायाची लेक विचारावीशी वाटली! मग म्हटलं, विचारलंय तर सांगते.

मी ग्रॅहमच्या घरी गेले. इथे आता हिवाळा, धुकं दहा वाजेपर्यंत हलत नाही. ते नुकतेच गोठ्यातून आले होते, मोज्यांवरच जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, घातलेल्या. मी बसलेही नाही. म्हटलं, "ग्रॅहम, हेराच्या पुढचं का काढलंत?"

ते म्हणाले, "मी? मी कुठे काढलं?"

"मग पान तिथे संपतं कसं?"

ते आत जाऊन एक खोका घेऊन आले. आत टाइप केलेले कागद होते. हेरा, तिचा नवरा, त्यांची मुलं, नातवंडं, सगळं. ग्रॅहमच्या वडिलांनी आणि हुइयांच्या वडिलांनी मिळून बसून केलेलं. दोघे एकाच रग्बी टीममध्ये होते म्हणे. शंभरीच्या पुस्तिकेसाठी दिलं होतं, काउन्सिलनं जागा नाही म्हणून छापलं नाही. ग्रॅहमच्या वडिलांनी त्यानंतर काउन्सिलच्या कचेरीत पाऊल टाकलं नाही.

"याची प्रत मी तुला जानेवारीत दिली होती," ग्रॅहम म्हणाले. "निळ्या फोल्डरमध्ये. मला वाटलं तुझी काही पद्धत असेल. मी काय, गाईंचा माणूस."

निळं फोल्डर माझ्या टेबलावरच होतं. मी ते उघडलं होतं, वाचलंही होतं. आणि बाजूला ठेवलं होतं. का, ते घरी येईपर्यंत मला कळलं नाही. गाडी बाहेर उभी करून मी तशीच आत गेले आणि सगळा मसुदा काढून बघितला. नुसते थॉर्नली नव्हेत. प्रत्येक घराणं. मुलगा असेल तिथे त्याची बायको, मुलं, नातवंडं, आजपर्यंत. मुलगी असेल तिथे नाव, विवाह, नवऱ्याचं नाव, गाव. आणि पूर्णविराम. एकूण एक मुली लग्नापाशी थांबल्या होत्या.

कुणी सांगितलं होतं मला असं करायला? कुणीच नाही. माझ्या हातानं केलं, बाबा. हाताला तेवढंच माहीत होतं. "मुलीची मुलं आपण घेत नाही, ती त्यांच्या कुळाच्या पुस्तकात येतील." हे तुम्ही कितीदा म्हणाला असाल, परकर सावरत स्कूटरवर चढणाऱ्या मला. आपल्याकडे हे कुणाला चूकही वाटत नाही. इथे मात्र हेराची माणसं दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात येणार नव्हती. दुसरं पुस्तकच नाही.

माझ्या मुलाचं, वरुणचं नावही तुमच्या नियमानं तुमच्या पुस्तकात नाही. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, तेही त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

मी इतकी वर्षं समजत होते की नावं गाळणारी माणसं म्हणजे तुमच्यासारखी. कडक, तापट, ठरवून गाळणारी. तर हे असंही होतं. चांगलं मन असून, चहा पीत, सुवाच्य अक्षरात. ग्रॅहमची माफी मागितली. ते म्हणाले, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे जाऊ दे, ठीक आहे, आणि मला एक भोपळा दिला. फाएआ हुइयांची माफी मागणं इतकं सोपं गेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आता दुरुस्त कर. रडायला हवं तर नंतर रड."

ताईचं तुम्ही ठरवून केलंत. ते वेगळं. पण बाकीच्या मुलींचं, आत्यांचं, तुमच्या स्वतःच्या बहिणींचं? त्यांच्यावर तर तुमचा राग नव्हता.

निवेदिता


३१ ऑगस्ट

बाबा,

सगळ्या मुली पुढे नेते आहे. दुप्पट काम झालं, पुस्तक दुप्पट होणार, समितीतल्या एका बाईंनी "एवढं कशाला" म्हणून पाहिलं, पण ग्रॅहमनी कधी नव्हे तो आवाज चढवला. मुखपृष्ठावरचं 'पहिली घराणी' गेलं. आता नुसतं 'कहिकाटेआची घराणी'. सुरुवातीचं प्रकरण हुइया आणि त्यांची माणसं लिहिणार.

मागच्या रविवारी त्यांच्या मराएवर गेलो. मराए म्हणजे त्यांची वडिलोपार्जित बैठक, देवळाच्या सभामंडपासारखी, फक्त तिथे पूर्वजच देव. ऋग्वेदाही आली होती. निळ्या फोल्डरमधल्या कागदांत हेराच्या धाकट्या मुलींची नावं नव्हती, ती हुइयांना पाठ होती. त्यांच्याकडे वंशावळीला फाकापापा म्हणतात, आणि ती म्हणायची असते. हुइया उठून उभ्या राहिल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी उभ्याच. आणि म्हणायला लागल्या, एकामागून एक नाव, न अडखळता.

मी सवयीनं पेन्सिल काढली. ऐकलेलं होतं ना.

मग इकडेतिकडे पाहिलं. चाळीस-पन्नास माणसं बसली होती, पोरं, म्हातारे, बायका कडेवर मुलं घेऊन. सगळ्यांचे कान त्यांच्या तोंडाकडे. एका ठिकाणी हुइयांनी दोन बहिणींचा क्रम उलटा घेतला, तर मागून एका आजोबांनी तिथल्या तिथे टोकलं. हुइया थांबल्या, मान हलवली, परत मागे जाऊन थोरलीचं नाव आधी घेतलं आणि मग पुढे गेल्या. एवढ्या लोकांसमोर म्हटलेलं आणि चुकलं की टोकणारी माणसं बसलेली. बाबा, आपण किती दाखले पाहिलेत ज्यांवर एका कारकुनाची सही सोडून काही नव्हतं? मी पेन्सिल पिशवीत टाकली आणि पेन काढलं.

परत येताना गाडीत ऋग्वेदा बोटांवर काहीतरी मोजत होती. हॅमिल्टन आल्यावर म्हणाली, "मावशी, मला आईकडून चार पिढ्या म्हणता येत नाहीत. आईचे बाबा, त्यांच्या पुढे मला कुणी सांगितलंच नाही." मी तिला सांगितल्या. सिग्नलला थांबत थांबत मूळ पुरुषापर्यंत. तिनं म्हणून दाखवल्या. पोरगी हुशार आहे, एकदा ऐकून येतं तिला. कुणावर गेली आहे ते तुम्हीच ठरवा.

घरी आल्यावर तिनं सुशीलकडून कुलवृत्तांताचा फॉर्म मागवला आणि भरला. आईचं नाव: संपदा. जन्म, शिक्षण, विवाह, सगळं. मृत्यूच्या रकान्याशी ती थांबली, मग तेही भरलं. ताईला जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या महिन्यात ताईनं मला व्हिडिओवर विचारलं होतं, "बाबा विचारतात का गं?" मी म्हटलं, हो, विचारतात. हे खोटं मी तुमच्या वतीनं बोलले आहे. ते खरं करायची सोय आता एकच उरली आहे.

फॉर्म सुशीलला मिळालाय. तो म्हणाला, काकांनी हो म्हटल्याशिवाय मी छापणार नाही. बरोबर आहे त्याचं. पुस्तक तुमचं आहे. मी यापुढे काही बोलणार नाही. दिवाळीपर्यंत वाट बघेन, आणि नाव आलं नाही तर मी जानेवारीच्या संमेलनाला येणार नाही, आणि नंतरही येईन असं वाटत नाही. धमकी समजू नका. खरंच तसं वाटतं आहे.

निवेदिता


२६ ऑक्टोबर

बाबा,

वहिनीचा फोन येऊन गेला. तुम्ही झोपल्यावर जिन्यात येऊन बोलली. वहिनी, हेही वाच. तू काय काय सांगितलंस ते त्यांना कळू दे.

ती म्हणाली, सुशील वसुबारसेला शेवटची प्रुफं घेऊन आला. त्यानं धीर करून ताईचं नाव घातलं होतं, तुम्ही नको म्हणालात तर काढू म्हणून. आपलं पान आलं. त्यानं वाचलं, "अपत्ये: श्रीनाथ, निवेदिता, संपदा." आणि तुमच्याकडे बघितलं. दादा उठून बाल्कनीत गेला. वहिनी म्हणते, तुम्ही हात वर केलात, तिला वाटलं, झालं, आता प्रुफं भिरकावतात.

तुम्ही म्हणालात, "चूक आहे. संपदा थोरली. थोरली आधी."

सुशीलनं बाण काढून नाव पुढे घेतलं. मग त्यानं विचारलं, "काका, जावयाचं नाव कसं घालू?" त्यावर तुम्ही भिंतीकडे बघत सांगितलंत. यतीन सखाराम वाघचौरे. सखाराम म्हसू. म्हसू भागोजी. मूळ गाव अकोल्याकडचं, वस्ती ओढ्यापलीकडे, घरात भजनाची परंपरा. सगळं तोंडपाठ. वहिनीनं विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तुम्ही म्हणालात, "जाऊन आलो होतो. लग्न झालं त्याच वर्षी, एसटीनं. काही वावगं सापडतंय का बघायला. काही सापडलं नाही."

वहिनीनं पुढचं विचारलं नाही, तिला धीर झाला नाही. मी विचारते. काही सापडलं नाही, मग का गाळलंत? सव्वीस वर्षं? ती माणसं चांगली आहेत हे आईच्या आधी तुम्हाला ठाऊक होतं, स्वतः जाऊन पाहिलं होतं, शाईनं लिहिण्याइतकं. उत्तर देऊ नका. तुम्हाला येत असतं तर आतापर्यंत दिलं असतंत.

आणि मग म्हणे सुशील पान उलटायला लागला, तर तुम्ही त्याला थांबवलंत. "तिची मुलगी. ऋग्वेदा. अधिक आश्विनातली." सुशील म्हणाला, "काका, मुलींची मुलं आपण घेत नाही. तुमचाच नियम आहे." तुम्ही म्हणालात, "तळटीप दे."

तळटीप!

जिन्यात वहिनी आणि इथे मी, दोघी हसलो, आणि मग मला काही हसवेना. अधिक आश्विन. हे मलासुद्धा आठवत नव्हतं. ऋग्वेदाला विचारलं तर तिलाही माहीत नव्हतं, मग पंचांग शोधून काढलं, आणि बरोबर निघालं. आई एकदा केव्हातरी मोरीतून नळाला बोलली असणार. तुम्ही ऐकत होता. पेपर धरून सगळं ऐकत होता आणि क्रमानं लावून ठेवत होता. आईला हे कळायला हवं होतं, बाबा. ताईला तर हवंच होतं. मी तुम्हाला याबद्दल माफ केलंय असं समजू नका. पण माझं ते खोटं, "बाबा विचारतात" हे, त्यातलं निम्मं तरी खोटं नव्हतं, याचा मला फार आधार वाटला.

तळटीप मान्य नाही. आमच्या पुस्तकात हेराची नातवंडं इतरांच्याच अक्षरात, इतरांच्याच ओळीत छापली आहेत, आणि आकाश कोसळलेलं नाही. सुशीलला सांगा, नियम बदला. ऋग्वेदाबरोबर वरुण येईल, आत्यांची मुलं येतील, पुस्तक जाड होईल. होऊ दे. पण यावर भांडायला मी जानेवारीत समोर असेन, पत्रातून नाही.

ऋग्वेदा माझ्या आधी येते आहे, डिसेंबरच्या मध्याला. तिकीट काढलंय. उतरायला नाशिकला जाणार आहे, पण आधी पुण्याला, तुमच्याकडे. मी तिला म्हटलं, वहिनी स्टेशनवर येईल. ती म्हणाली, नको, मी पत्ता विचारत येते, आईनं सांगितलेल्या खुणा आहेत माझ्याकडे.

बेल वाजली की वहिनीला पाठवू नका. काठी घेऊन स्वतः उठा, वेळ लागला तर ती थांबेल. आणि दार उघडल्यावर, दिसत नसलं तरी, "कोण पाहिजे?" असं विचारू नका. ती कोण आहे ते तुम्हाला पाठ आहे.

निवेदिता